पडद्यावर काय ठेवावे आणि तोंडी काय सांगावे

देवगड तालुक्यातल्या एका गावात, एका कौलारू सभागृहात, साठ-सत्तर आंबा बागायतदारांसमोर मी पहिल्यांदा पॉवरपॉइंटचे सादरीकरण केले, तेव्हा पहिल्याच स्लाइडवर तेरा ओळी होत्या. मथळा होता ‘तुडतुडे व्यवस्थापन’. त्याखाली किडीचे शास्त्रीय नाव, जीवनक्रम, नुकसानीचा प्रकार, फवारणीच्या वेळा, औषधांची नावे आणि त्यांचे प्रमाण असे सगळे एकाखाली एक बसवले होते आणि ते बसावे म्हणून अक्षर बारीक केले होते. मी पडद्याकडे तोंड करून एकेक ओळ वाचू लागलो. मी तिसऱ्या ओळीवर येईपर्यंत पुढच्या दोन रांगांनी सगळी स्लाइड वाचून संपवली होती, मागच्या रांगांना ती दिसतच नव्हती, आणि दोन्हीकडच्या मंडळींना माझी गरज उरली नव्हती. चौथ्या स्लाइडला कोणीतरी वाशीच्या बाजारातला पेटीचा भाव काढला आणि सभा तिकडे गेली.

दोष श्रोत्यांचा नव्हता. हीच माणसे चहाच्या टपरीवर तुडतुड्यांविषयी तासभर बोलतात. विषय त्यांच्या पोटापाण्याचा आहे. दोष माझ्या स्लाइडचा होता, आणि तो नेमका कसला होता हे कळायला मला पुढची काही वर्षे लागली. मी एकच गोष्ट एकाच वेळी दोन तोंडांनी सांगत होतो, एक माझे आणि एक पडद्याचे. ऐकणाऱ्याचे लक्ष मात्र एकच असते.

ऐकलेले शब्द आणि वाचलेले शब्द मनात वेगवेगळ्या ठिकाणी जात असतील असे आपल्याला वाटते, कारण कान वेगळे आणि डोळे वेगळे. प्रत्यक्षात तसे होत नाही. ॲलन बॅडली आणि ग्रॅहम हिच या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये कार्यस्मृतीचे, म्हणजे हातातले काम चालू असताना लागणारी माहिती क्षणभर धरून ठेवणाऱ्या स्मृतीचे, जे स्वरूप मांडले, त्यात शब्दांच्या ध्वनीसाठी एक कप्पा आहे आणि आकार, रंग, जागा यांसाठी दुसरा. ध्वनीचा कप्पा फार लहान आहे. साधारण दोन सेकंदांत उच्चारता येईल एवढाच मजकूर त्यात टिकतो, असे पुढच्या प्रयोगांतून दिसून आले. छापील शब्द डोळ्यांवाटे आत येतात हे खरे, परंतु वाचताना आपण ते मनातल्या मनात उच्चारतो आणि त्यामुळे तेही याच ध्वनीच्या कप्प्यात येऊन पडतात. तिथे वक्त्याचे बोलणे आधीच येत असते. अरुंद खाडीच्या तोंडातून दोन होड्या एकदम आत येऊ लागल्या की एकीला थांबावेच लागते, तसे येथे होते. श्रोता एक तर वाचतो किंवा ऐकतो. मनात वाचण्याचा वेग मोठ्याने बोलण्याच्या वेगापेक्षा जास्त असल्यामुळे तो बहुधा वाचतो, आणि वाचून झाले की वक्ता कधी तिथवर पोहोचतो याची वाट पाहत बसतो.

याची खात्री घरबसल्या करून घेता येते. सकाळी रेडिओवर प्रादेशिक बातम्या लागल्या असताना वर्तमानपत्राचा अग्रलेख वाचायला घ्यावा. पाच मिनिटांनी विचारले तर बातम्या तरी सांगता येणार नाहीत किंवा अग्रलेख तरी. परंतु त्याच बातम्या ऐकत विळीवर सुरमई कापता येते, अंगणात वाळत घातलेली आमसुले परतता येतात, किंवा भिंतीवरचा नकाशा पाहता येतो, आणि बातमी चुकत नाही. पाहणे आणि ऐकणे एकमेकांना आड येत नाहीत, उलट पुष्कळदा हातभार लावतात. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांनी अनेक वर्षे केलेल्या प्रयोगांत हेच पुन्हा पुन्हा आढळले की चित्र आणि तोंडी स्पष्टीकरण मिळालेले विद्यार्थी, चित्र, तोंडी स्पष्टीकरण आणि शिवाय तेच स्पष्टीकरण पडद्यावर लिहिलेले अशी तिहेरी सोय मिळालेल्या विद्यार्थ्यांपेक्षा विषय अधिक चांगला समजून घेतात. जास्त दिले म्हणून जास्त पोहोचले, असे येथे होत नाही. स्लाइडविषयीचे बाकी बहुतेक सल्ले या एका गोष्टीतून निघतात.

मग एवढी साधी बाब असूनही आपण सगळे ओळीच का लिहितो? याचे एक कारण साधनातच आहे. पॉवरपॉइंट १९८७ मध्ये मॅकिंटॉश संगणकासाठी बाजारात आले. रॉबर्ट गॅस्किन्स आणि डेनिस ऑस्टिन हे त्याचे कर्ते, आणि त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ते जिथे काम करत होते ती कंपनी १ कोटी ४० लाख डॉलरना विकत घेतली. पहिल्या आवृत्तीतून ओव्हरहेड प्रोजेक्टरवर ठेवायच्या पारदर्शिकांसाठी काळी-पांढरी पाने छापून निघत. आज नवी स्लाइड उघडली की वर मथळ्याची चौकट येते आणि खाली मजकुराची, आणि त्या चौकटीत टिंब तयारच असते. ताटात वाटी मांडलेली दिसली की आपण ती भरतो. दुसरे कारण आपल्या स्वभावात आहे, आणि ते मला अधिक खरे वाटते: स्लाइडवरच्या ओळी श्रोत्यांसाठी नसतातच, वक्त्याला पुढचे आठवावे म्हणून त्या असतात. वक्त्याला टिपण हवे असेल तर ते जरूर असावे, फक्त ते त्याच्या हातातल्या कागदावर असावे. पॉवरपॉइंटमध्ये स्लाइडखाली टिपणांची जागा असते आणि ती वक्त्याच्या संगणकावरच दिसेल अशी सोयही असते. आपल्याकडे ती क्वचितच कोणी वापरतो.

ओळींमागे ओळी लावल्याने किती मोठी गोष्ट झाकली जाऊ शकते, याचे एक उदाहरण कल्पना चावला यांच्या शेवटच्या उड्डाणाशी जोडलेले आहे. १६ जानेवारी २००३ रोजी कोलंबिया अंतराळयानाने उड्डाण केले, तेव्हा इंधनाच्या बाहेरच्या टाकीवरील फोमचा एक तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला. यान अंतराळात असतानाच अभियंत्यांनी या आघाताचा अभ्यास करून तो नासाच्या अधिकाऱ्यांपुढे स्लाइडच्या रूपाने ठेवला. त्यातल्या एका स्लाइडचा मथळा, चाचण्यांची माहिती पाहता अंदाज सुरक्षित बाजूला झुकलेला आहे, अशा आशयाचा होता. त्याखाली टिंबांच्या आत टिंबे, त्यांच्या आत डॅश, अशी उतरंड होती, आणि अगदी तळाशी, बारीक अक्षरात, असे म्हटले होते की आदळलेल्या तुकड्याचे अंदाजे आकारमान १९२० घन इंच आहे आणि ज्या चाचण्यांवर हा अंदाज बेतला आहे त्यांतला तुकडा ३ घन इंचांचा होता. म्हणजे ६४० पट फरक. वरचा मथळा दिलासा देत होता आणि तळची ओळ सांगत होती की त्या दिलाशाला आधार नाही. १ फेब्रुवारी २००३ रोजी परतताना यान कोसळले आणि सातही अंतराळवीर गेले. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये आलेल्या चौकशी मंडळाच्या अहवालात या स्लाइडची स्वतंत्र चिकित्सा आहे. ती एडवर्ड टफ्टी या माहिती-आरेखनाच्या अभ्यासकाने केली होती. अपघात स्लाइडमुळे झाला असे कोणी म्हणत नाही, आणि म्हणूही नये. परंतु निर्णय घेणाऱ्यांसमोर जी एक गोष्ट सर्वांत मोठी दिसायला हवी होती ती सर्वांत लहान अक्षरात होती, हे मात्र उघड आहे.

हीच गोष्ट आपण कशी दाखवली असती, याचा मी प्रशिक्षणात अभ्यासच घेतो. ३ घन इंच म्हणजे सुमारे ५० मिलिलिटर, एका बऱ्यापैकी लिंबाएवढे. १९२० घन इंच म्हणजे साडेएकतीस लिटर, पाण्याचे वीस लिटरचे दीड जार. पडद्यावर डावीकडे एक लिंबू, उजवीकडे दीड जार, आणि वर एक वाक्य: ‘चाचणी एवढ्याची झाली, आदळला एवढा.’ याला ना टिंब लागते ना डॅश. ज्याला इंग्रजी येत नाही, ज्याला अभियांत्रिकी कळत नाही, त्यालाही पुढचा प्रश्न विचारावासा वाटेल.

येथे मथळ्याचे काम काय हेही दिसते. ‘तुडतुडे व्यवस्थापन’ हे विषयाचे नाव झाले. त्यात मी काहीच म्हटलेले नाही. कागदपत्रांच्या फायलीवर असे नाव शोभते, कारण फाइल शोधायची असते. स्लाइडवर पूर्ण वाक्य हवे, ज्याला कर्ता आणि क्रियापद आहे आणि ज्यावर ऐकणारा हो किंवा नाही म्हणू शकतो. अभियंत्यांना लेखन शिकवणारे मायकेल ॲली यांनी ही पद्धत आग्रहाने मांडली आहे: वर एक विधान, खाली त्या विधानाचा डोळ्यांना दिसणारा पुरावा, आणि बाकी सगळे तोंडी. माझ्या त्या तेरा ओळींचे पुढे असे झाले. मथळा: ‘तुडतुड्यांचा चिकटा पानावर पडला की त्यावर काळी बुरशी धरते.’ खाली पडदाभर एकच छायाचित्र, ज्यात अर्धे पान हिरवे आहे आणि अर्ध्यावर काजळी धरली आहे. याला बागायतदार ‘खार पडणे’ म्हणतात, आणि तो शब्द मी बोलायच्या आधीच सभागृहातून येतो. त्यानंतर तुडतुडा मोहोरातला रस कसा शोषतो, चिकटा कुठून येतो, काजळीमुळे पानाला ऊन कमी मिळते म्हणजे काय, हे मी पानाकडे बोट दाखवत सांगतो. तेरा ओळींतला एकही मुद्दा वाया गेला नाही. काही माझ्या तोंडी गेले, काही पुढच्या तीन स्लाइडवर, आणि औषधांची नावे व प्रमाण छापील पत्रकावर गेले, कारण दहा लिटर पाण्याला किती मिलिलिटर हे कोणीही पडद्यावरून पाठ करत नाही. ते फवारणीच्या दिवशी खिशात असावे लागते.

कोकणातल्या माणसाला हे काही नवीन वाटू नये. कुडाळजवळच्या पिंगुळी गावात ठाकर समाजाने चित्रकथीची परंपरा जपली आहे, आणि ती चालवणारे परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. चित्रकथीत रामायण-महाभारतातल्या एकेका कथेची चित्रांची पोथी असते. पाने सुटी असतात, कथेकरी त्यांतले एक पान समोर उभे धरतो आणि वीणा, टाळ, हुडूक यांच्या साथीने त्या प्रसंगाची कथा गाऊन-बोलून सांगतो. प्रसंग संपला की ते पान खाली जाते आणि दुसरे वर येते. पाहणाऱ्याला कथा वाचायला मिळत नाही. त्याला दिसते ते रथ, धनुष्य, डोळे वटारलेला राक्षस, आणि कोणी कोणाला काय म्हटले हे कथेकऱ्याच्या तोंडूनच कळते. पुढचे पान आधी दिसत नाही, मागचे पान उगाच रेंगाळत नाही. पॉवरपॉइंटच्या कितीतरी आधी या मंडळींनी पडद्याची आणि तोंडाची कामे वाटून दिली होती. अर्थात चित्रकथीचा श्रोता कथा ओळखत असतो आणि आपला श्रोता बहुधा ओळखत नाही, त्यामुळे ही तुलना फार ताणू नये.

कारण ‘पडद्यावर शब्दच नकोत’ हा नियमही चुकीचा ठरतो. नवा, अनोळखी किंवा उच्चाराला अवघड शब्द आला तर तो पडद्यावर लिहिलाच पाहिजे. ‘थायामेथोक्झाम’ हे कीटकनाशकाचे नाव नुसते ऐकून दुकानात जाऊन मागता येत नाही. श्रोत्यांची भाषा वेगळी असेल, म्हणजे घरी मालवणी बोलणाऱ्या आजींसमोर कोणी कार्यालयीन मराठीत बोलत असेल, तर दोन-चार कळीचे शब्द डोळ्यांसमोर असल्याने आधार मिळतो. ज्यांना कमी ऐकू येते त्यांच्यासाठी तर लेखी मजकूर हाच मार्ग असतो. एखाद्या कायद्याच्या नेमक्या शब्दरचनेवरच चर्चा असेल, तर ते कलम पडद्यावर आणावे, आणि मग वक्त्याने गप्प राहून लोकांना ते वाचू द्यावे. वाचायला दिले की बोलू नये, एवढीच अट.

आकड्यांच्या बाबतीत आपली सवय आणखी वाईट आहे. रत्नागिरी जिल्ह्यात नऊ तालुके. त्यांचा बारा महिन्यांचा पाऊस एका कोष्टकात टाकला की १०८ आकडे होतात. असे कोष्टक दाखवून वक्ता म्हणतो, “हे तुम्हाला नीट दिसणार नाही, पण...” आणि पुढे जातो. दिसणार नाही हे ठाऊक असलेली वस्तू दाखवायची कशाला? अल्पकाळ धरून ठेवता येणाऱ्या गोष्टींची संख्या मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये सातच्या आसपास सांगितली होती, आणि नेल्सन कोवान यांनी २००१ मध्ये ती चारच्या आसपास असल्याचे मांडले. १०८ आकडे यांतल्या कोणत्याच हिशेबात बसत नाहीत. कोष्टकातून आपल्याला काय म्हणायचे आहे ते आधी ठरवावे. जुलैचा पाऊस सप्टेंबरपेक्षा पुष्कळ जास्त असतो, एवढेच म्हणायचे असेल, तर एका तालुक्याचे बारा स्तंभ पुरेत, त्यांतले अकरा राखाडी आणि जुलैचा गडद निळा. नऊ तालुक्यांची तुलना करायची असेल तर नऊ आडव्या पट्ट्या, मोठ्यापासून लहानाकडे लावलेल्या. तालुक्यांची नावे पट्टीच्या शेजारीच लिहावीत, दूर कोपऱ्यात रंगांची यादी देऊ नये, नाहीतर डोळे त्या कोपऱ्यात आणि पट्टीवर फेऱ्या मारत बसतात आणि तोवर वाक्य निघून जाते. लाल आणि हिरवा या दोनच रंगांवर फरक सोडू नये, कारण हे दोन रंग एकमेकांपासून ओळखता न येणारी माणसे, विशेषतः पुरुष, प्रत्येक मोठ्या सभेत असतात. आणि आकड्याला ओळखीची जागा द्यावी. २२ जुलै २०२१ रोजी चिपळुणात वाशिष्ठीचे पाणी किती मीटर चढले, हे चिपळूणकरांना सांगायचे असेल तर बाजारपेठेतल्या रोजच्या पाहण्यातल्या एखाद्या भिंतीचे छायाचित्र घेऊन त्यावर एक रेघ ओढावी. ती स्लाइड आली की सभागृह आपोआप शांत होते.

आता देवनागरीविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण स्लाइडविषयीचे बहुतेक सल्ले रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून दिलेले असतात. रोमन अक्षर एका रेषेवर बसते. आपल्या अक्षराला वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार, हलन्त असा दुमजली संसार असतो. त्यामुळे दोन ओळींमधले अंतर इंग्रजीसाठी ठरलेले तसेच ठेवले तर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना टेकतात. हे अंतर मराठीसाठी वाढवावेच लागते. दुसरे असे की त्याच मापाचे देवनागरी अक्षर रोमनपेक्षा लहान दिसते, कारण ठरलेल्या उंचीतली बरीच जागा वरच्या-खालच्या चिन्हांना जाते. सध्याच्या रुंद स्लाइडची मूळ उंची साडेसात इंच म्हणजे ५४० पॉइंट असते, म्हणजे ३० पॉइंटचे अक्षर पडद्याच्या उंचीचा अठरावा भाग व्यापते. इंग्रजीत जिथे ३० पुरतात तिथे मी मराठीत ३६ च्या खाली जात नाही. ‘ष्ट्य’, ‘द्ध्य’ अशी जोडाक्षरे बारीक आणि जाड ठशात गाळाने बुजल्यासारखी दिसतात. मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी यांसारखे सरळ, मोकळ्या पोटाचे फाँट दुरून स्वच्छ वाचता येतात. शिरोरेषा असल्यामुळे शब्दाखाली आणखी रेघ ओढण्याचेही काही कारण राहत नाही. एकच शब्द ठळक केला तर तेवढे पुरते.

फाँटची दुसरी गंमत मी सोसलेली आहे. जुन्या मराठी फाँटमध्ये संगणकाच्या लेखी रोमन अक्षरेच साठवलेली असत आणि फाँट त्यांच्यावर मराठी आकारांचा मुखवटा चढवत असे. मुखवटा ज्या संगणकावर नाही तिथे खालची रोमन अक्षरे उघडी पडतात. एका तालुक्याच्या ठिकाणी आयोजकांच्या संगणकात मी पेन ड्राइव्ह लावला आणि ‘काजू प्रक्रिया’च्या जागी पडद्यावर रोमन अक्षरांची अशी काही खिचडी उमटली की पुढच्या रांगेतला एक मुलगा ती मोठ्याने वाचू लागला. युनिकोड या जगभरच्या लिप्यांसाठीच्या संकेतप्रणालीत देवनागरीसाठी १२८ जागांचा स्वतंत्र पट्टा राखलेला आहे, त्यामुळे युनिकोडात टंकलेला मजकूर फाँट बदलला तरी मराठीच राहतो. तरीही ओळींची लांबी बदलून मांडणी विस्कटू शकते. म्हणून फाँट फाइलमध्येच अंतर्भूत करण्याचा पर्याय निवडावा आणि सोबत पीडीएफची एक प्रत ठेवावी.

स्लाइड शेवटच्या रांगेतून दिसेल का, हे घरीच तपासता येते आणि त्याला साधे त्रैराशिक पुरते. समजा सभागृहातला पडदा दीड मीटर उंच आहे आणि शेवटची रांग बारा मीटरवर आहे; म्हणजे ते अंतर पडद्याच्या उंचीच्या आठपट झाले. नेहमीच्या लॅपटॉपचा पडदा सुमारे १९ सेंटिमीटर उंच असतो. त्याच्या आठपट म्हणजे दीड मीटर. लॅपटॉप टेबलावर ठेवून दीड मीटर मागे सरकावे. तिथून जे वाचता येत नाही ते शेवटच्या रांगेलाही वाचता येणार नाही.

अक्षर मोठे असूनही दिसत नाही असेही होते, आणि याचे कारण कोकणातल्या सभागृहांत डोक्यावरच असते. कौलारू छपरात उजेडासाठी मधेमधे काचेची कौले बसवलेली असतात. सकाळी अकराच्या सुमारास त्यांतून उन्हाचा एक चौकोन खाली उतरतो, आणि माझ्या त्या पहिल्या सभेत तो सरकत सरकत बरोबर पडद्याच्या मधोमध आला होता. गडद निळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे ही माझी हौस तिथे संपली. प्रोजेक्टर काळा रंग टाकू शकत नाही. तो फक्त प्रकाश टाकतो, आणि जिथे काळे हवे तिथे प्रकाश टाकत नाही एवढेच. म्हणून पडद्यावरचा काळा हा त्या खोलीत मुळात जेवढा अंधार आहे तेवढाच काळा असतो. खोलीत ऊन असेल तर काळ्याचा राखाडी होतो, निळ्याचा फिकट निळा होतो आणि पांढरे अक्षर त्यात विरघळते. उजेडाच्या खोलीत पांढरट पार्श्वभूमीवर काळे अक्षर वापरावे; गडद पार्श्वभूमी फक्त खरोखर अंधार करता येणाऱ्या खोलीसाठी राखावी. आणि शक्य असेल तर पडदा कौलांच्या खालून बाजूला घ्यावा, जे मला त्या दिवशी सुचले नाही.

‘तुमची पीपीटी पाठवा’ ही मागणी हल्ली प्रत्येक कार्यक्रमानंतर येते, आणि ती स्लाइड बिघडवण्याचे एक मोठे कारण आहे. न आलेल्या माणसालाही वाचून समजावे म्हणून वक्ता स्लाइडवर सगळे लिहितो, आणि मग आलेल्या माणसांना ती ऐकू देत नाही. दोन वेगळी कामे आहेत, त्यांना दोन वेगळे कागद हवेत. पडद्यासाठी चित्रे आणि वाक्ये, आणि हातात द्यायला दोन पानांचे पत्रक, ज्यात प्रमाण, तारखा, योजनेच्या अटी, संपर्क सगळे असेल. पत्रक शेवटी वाटावे. आधी वाटले की सगळ्या माना खाली जातात.

स्लाइड किती असाव्यात यावर लोक फार वाद घालतात. अमेरिकी उद्योजक-लेखक गाय कावासाकी यांचा दहा स्लाइड, वीस मिनिटे, तीस पॉइंट हा नियम प्रसिद्ध आहे, पण तो गुंतवणूकदारांकडे भांडवल मागायला जाणाऱ्यांसाठी सांगितलेला होता. २००३ मध्ये टोकियोत सुरू झालेल्या पेचाकुचा या प्रकारात वीस स्लाइड प्रत्येकी वीस सेकंद आपोआप सरकतात. दोन्ही चालतात. एका स्लाइडवर पाच मुद्दे मांडण्यापेक्षा पाच स्लाइडवर एकेक मांडला तर वेळ तेवढाच लागतो. उडत, गिरक्या घेत येणाऱ्या अक्षरांविषयी एवढेच म्हणेन की लग्नाच्या व्हिडिओत ती शोभतात. एखाद्या आकृतीचा एकेक भाग बोलण्याच्या ओघात पुढे आणायचा असेल तर साधे ‘दिसू लागणे’ पुरते, आणि तिथे ते खरोखर उपयोगी पडते.

सादरीकरण चालू असताना कळफलकावरचे बी हे अक्षर दाबले की पडदा काळा होतो आणि पुन्हा दाबले की स्लाइड परत येते. एखादा अनुभव सांगायचा असेल, कोणी प्रश्न विचारला असेल, किंवा हातातली फांदी दाखवायची असेल तेव्हा मी पडदा काळा करतो. साठ जोडी डोळे पडद्यावरून माझ्याकडे वळलेले त्या क्षणी जाणवतात. पावसाळ्यात हे काम वीज मंडळी आपणहून करतात. जूनमध्ये वेंगुर्ल्याकडे एका बैठकीत अकराव्या मिनिटाला दिवे गेले ते आलेच नाहीत. त्या दिवशी फळ्यावर खडूने काढलेल्या तीन आकृत्यांवर पुढचा पाऊण तास निघाला. तेव्हापासून जी स्लाइड मला फळ्यावर खडूने काढता येणार नाही तिच्याकडे मी जरा संशयाने पाहतो. छायाचित्रे त्याला अपवाद, म्हणून त्यांतली दोन-तीन मोठ्या कागदावर छापून पिशवीत ठेवतो.

शेवटची स्लाइड बहुतेकांची एकसारखी असते: फुलांचा गुच्छ आणि ‘धन्यवाद’. प्रश्नोत्तरांची पंधरा-वीस मिनिटे तो गुच्छ पडद्यावर राहतो, म्हणजे सगळ्या सादरीकरणात सर्वांत जास्त वेळ दिसणारी स्लाइड तीच असते आणि तिच्यावर काहीच नसते. आभार तोंडी मानावेत. पडद्यावर ती स्लाइड परत आणून ठेवावी जिच्याविषयी लोकांनी विचारावे असे आपल्याला वाटते. देवगडच्याच एका नंतरच्या सभेत मी काजळी धरलेले ते पान शेवटी परत लावले आणि खाली बसलो. मागच्या रांगेतून एक वयस्क बागायतदार उठून पडद्यापर्यंत आले, पानावर बोट ठेवले आणि मागे वळून सगळ्यांना म्हणाले, “ह्या आमच्याच कलमाचा पान!” पुढची वीस मिनिटे मला फारसे बोलावे लागले नाही.